मद्यावलंबनातील व्यक्तिमत्त्व गुणविशेष आणि विघटन

मद्यावलंबनातील व्यक्तिमत्त्व गुणविशेष आणि विघटन हा मानसोपचारशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही शाखांचा अभ्यासविषय आहे. दारूवर अवलंबून असलेल्या व्यक्तींचा मूळ स्वभाव कसा असतो व तो दारूमुळे कितपत बदलतो, हा यातील पहिला प्रश्न होय. स्मृती, जाणीव आणि 'मी'पणाची भावना यांची एकसंधता तुटल्याचे अनुभव अशा अनेक व्यक्ती सांगतात. या अनुभवांचे मूळ दारूत असते की दारूच्या आधीच्या आयुष्यात, हा दुसरा प्रश्न होय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे बराच काळ रुग्णाच्या चारित्र्यावर ठपका ठेवून दिली जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या दीर्घकालीन अभ्यासांनी हे चित्र पुष्कळसे बदलले.

संज्ञा

मद्यावलंबन ही संज्ञा नुसत्या जास्त पिण्याला लावली जात नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि त्यांचे अमेरिकन सहकारी मिल्टन ग्रॉस यांनी इ.स. १९७६ मध्ये मद्यावलंबन लक्षणसमूहाची मांडणी केली. पिण्याची अनावर ओढ, पूर्वीइतकाच परिणाम साधण्यासाठी वाढत जाणारे प्रमाण, दारू थांबताच सुरू होणारी थरथर, घाम व बेचैनी, ती शमवण्यासाठी पुन्हा पिणे, आणि काही काळ दारू सोडल्यानंतरही पूर्वीचाच साचा झपाट्याने परतणे ही त्यातील प्रमुख लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यावलंबन हे स्वतंत्र निदान आजही आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने इ.स. २०१३ मधील पाचव्या निदान-पुस्तिकेत मात्र 'गैरवापर' व 'अवलंबन' हे दोन वर्ग एकत्र करून 'मद्यसेवन विकृती' हे एकच निदान स्वीकारले. त्यातील ११ निकषांपैकी किमान दोन पूर्ण व्हावे लागतात; सहा किंवा अधिक पूर्ण झाल्यास विकृती तीव्र समजली जाते.

विघटन किंवा डिसोसिएशन ही संज्ञा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांच्या इ.स. १८८९ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. एरवी एकत्र नांदणारी स्मृती, भावना, संवेदना व स्व-जाणीव यांचे धागे तात्पुरते किंवा दीर्घकाळ सुटे होणे असा तिचा अर्थ आहे. वाचताना किंवा रोजच्या रस्त्याने गाडी चालवताना भान हरपणे हा विघटनाचा सौम्य, सर्वांच्या परिचयाचा प्रकार होय. स्वतःचे शरीर परके वाटणे, आपण स्वतःकडे दुरून पाहत आहोत असे भासणे किंवा भोवतालचे जग काचेपलीकडचे व खोटे वाटणे, हे अनुभव त्याहून तीव्र असतात. आयुष्यातील महत्त्वाच्या घटना न आठवणे आणि एकाच व्यक्तीत स्वतंत्र ओळखी वावरणे ही विघटनाची टोकाची रूपे मानली जातात.

'दारुड्याचा स्वभाव' या कल्पनेचा इतिहास

दारूच्या आहारी जाणाऱ्यांचा एक ठरावीक स्वभाव असतो, ही समजूत जुनी व चिवट आहे. मनोविश्लेषण परंपरेतील लेखकांनी अशा व्यक्तीला अपरिपक्व, परावलंबी आणि बालपणातील तोंडावाटे मिळणाऱ्या सुखात अडकलेली ठरवले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या इ.स. १९५२ मधील पहिल्या निदान-पुस्तिकेत मद्यासक्तीची नोंद समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृतींच्या गटात होती. म्हणजे व्यसन हा रोग असण्याआधी तो स्वभावाचा दोष होता. इ.स. १९६८ मधील दुसऱ्या आवृत्तीतही ती व्यक्तिमत्त्व विकृतींच्याच शेजारी राहिली आणि इ.स. १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीत प्रथमच पदार्थसेवनाच्या विकृतींना वेगळे प्रकरण मिळाले.

दरम्यान ई. एम. जेलिनेक यांच्या 'द डिसीज कन्सेप्ट ऑफ अल्कोहोलिझम' या इ.स. १९६० मधील ग्रंथाने मद्यासक्तीकडे रोग म्हणून पाहण्याच्या दृष्टीला बळ दिले होते. तरीही स्वभावाचा शोध थांबला नाही. इ.स. १९६५ मध्ये क्रेग मॅकअँड्र्यू यांनी मिनेसोटा व्यक्तिमत्त्व चाचणीतील काही विधाने निवडून मद्यासक्त व्यक्ती ओळखण्याची मापनश्रेणी तयार केली. ती अनेक दशके वापरली गेली; पण तिच्यावर जास्त गुण मिळवणाऱ्या व्यक्ती मद्यासक्त असतीलच असे नसते. धोके पत्करण्याची व उत्तेजना शोधण्याची वृत्ती ती प्रामुख्याने मोजते, असे पुढील टीकाकारांनी दाखवले. 'मद्यासक्त व्यक्तिमत्त्व' नावाचा एकच साचा नसतो, हे आज जवळपास सर्वमान्य आहे.

आधी आलेले गुण आणि मागून आलेले गुण

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या व्यक्तीची चाचणी घेतली, तर ती बहुधा चिंताग्रस्त, खिन्न, चिडखोर, आवेगी व बेभरवशाची दिसते. हा स्वभाव दारूचे कारण आहे की दारूचा परिणाम, हे त्या एका चाचणीतून समजू शकत नाही. त्यासाठी व्यसन लागण्याआधीपासून अनेक वर्षे त्याच माणसांचा पाठपुरावा करावा लागतो.

असा पाठपुरावा जॉर्ज व्हेलंट यांनी केला. हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा एक गट आणि बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील मुलांचा दुसरा गट, अशा दोन गटांतील पुरुषांची तारुण्यापासून गोळा केलेली माहिती त्यांना उपलब्ध होती. इ.स. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द नॅचरल हिस्टरी ऑफ अल्कोहोलिझम' या ग्रंथात त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळी अनपेक्षित होता. पुढे मद्यासक्त झालेले पुरुष लहानपणी इतरांहून अधिक परावलंबी, दुःखी किंवा दुबळ्या मनाचे असल्याचे दिसले नाही. नातलगांमधील मद्यासक्तीचा इतिहास आणि लहानपणच्या समाजातील पिण्याच्या रीती यांचा संबंध अधिक ठळक होता. मध्यमवयात या पुरुषांमध्ये दिसलेले नैराश्य, परावलंबन व खचलेपण हे बव्हंशी दीर्घकाळ पिण्याचे फलित होते, आणि दारू सुटल्यावर त्यातील बरेचसे ओसरत असे. आधी दुःख आणि मग दारू, असा क्रम रुग्ण व त्याचे नातलग नेहमी सांगतात. व्हेलंट यांच्या माहितीत हा क्रम अनेकदा उलटा निघाला. पश्चात रचलेल्या आत्मकथनावर किती विसंबावे, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

तथापि स्वभावाचा काहीच वाटा नसतो, असा त्याचा अर्थ नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात इ.स. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास याबाबत महत्त्वाचा आहे. तीन वर्षांच्या वयात अस्वस्थ, आवेगी व अनावर वागणाऱ्या आणि त्याउलट बुजऱ्या, भिऊन गप्प राहणाऱ्या मुलग्यांमध्ये २१व्या वर्षी दारूशी संबंधित समस्या अधिक आढळल्या. म्हणजे दोन विरुद्ध स्वभावांच्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचत होत्या. एकच साचा शोधणाऱ्यांच्या पदरी निराशा का पडली, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.

व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक प्रतिमानानुसार केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मद्यसेवनाच्या समस्यांशी तीन गुणांचा संबंध सातत्याने दिसतो : भावनिक अस्थिरता जास्त, कर्तव्यदक्षता कमी आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती कमी. लोकसमजुतीत दारूशी जोडला जाणारा मोकळा, बोलका, मैफलीत रमणारा स्वभाव, म्हणजे बहिर्मुखता, या यादीत ठळकपणे येत नाही. हे संबंध गटांच्या सरासरीतील आहेत. कोणत्याही एका व्यक्तीच्या बाबतीत त्यावरून भाकीत करता येत नाही.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृती आणि सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकृती या दोन निदानांचे प्रमाण मद्यावलंबी रुग्णांमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त असते. मात्र पैसे चोरणे, खोटे बोलणे, भांडणे, नोकरी टिकवू न शकणे ही वर्तने व्यसनाच्या धावपळीतूनही उद्भवतात. म्हणून पौगंडावस्थेत, पिणे सुरू होण्याआधी, अशी वर्तने होती काय याची चौकशी केल्याशिवाय व्यक्तिमत्त्व विकृतीचे निदान करू नये, असा दंडक आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो पाळला जाणे अवघड असते.

क्लोनिंजर यांचे प्रारूप

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी स्वीडनमधील दत्तक मुलांच्या नोंदींचा अभ्यास करून इ.स. १९८१ मध्ये मद्यासक्तीचे दोन प्रकार सुचवले. पहिला प्रकार स्त्री-पुरुष दोघांत आढळतो, बहुधा २५व्या वर्षानंतर सुरू होतो आणि त्यात परिस्थितीचा वाटा मोठा असतो. अशा व्यक्ती भित्र्या, इतरांच्या मनाला जपणाऱ्या, पिण्याबद्दल अपराधी वाटणाऱ्या असतात. दुसरा प्रकार मुख्यतः पुरुषांमध्ये दिसतो व लवकर सुरू होतो. त्यात वडिलांकडून येणारा आनुवंशिक वाटा मोठा असून त्याबरोबर मारामाऱ्या व पोलिसांशी संबंधही येतात.

या दोन प्रकारांमागील स्वभाव मोजण्यासाठी क्लोनिंजर यांनी प्रथम तीन परिमाणांची प्रश्नावली तयार केली आणि इ.स. १९९३ मध्ये तिचा विस्तार सात परिमाणांपर्यंत केला. नावीन्यशोध, धोका टाळण्याची वृत्ती, स्नेह व शाबासकीवरील अवलंबन आणि चिकाटी ही चार परिमाणे जन्मजात स्वभावाची मानली जातात. स्वयंदिशा, सहकार्यशीलता आणि आत्मातीतता ही उरलेली तीन अनुभवातून घडणाऱ्या चारित्र्याची आहेत. स्वयंदिशा म्हणजे आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत अशी जाणीव व त्यानुसार वागण्याची क्षमता. आत्मातीतता म्हणजे स्वतःला विसरून मोठ्या कशात तरी विलीन होण्याकडे कल. विघटनाच्या अभ्यासात पुढे याच दोन परिमाणांना महत्त्व आले.

प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्ण या दोन कप्प्यांत नीट बसत नाहीत. एकाच रुग्णात दोन्ही प्रकारांची लक्षणे मिसळलेली आढळतात, आणि ही या वर्गीकरणावरील मुख्य टीका आहे. लवकर व उशिरा सुरू होणाऱ्या व्यसनातील भेद मात्र उपयुक्त ठरला असून अनेक अभ्यासांत टिकून राहिला आहे.

ब्लॅकआउट आणि विघटन

आदल्या रात्री काय घडले हे सकाळी मुळीच न आठवणे, हा जास्त पिणाऱ्यांचा परिचित अनुभव आहे. याला ब्लॅकआउट म्हणतात. शुद्ध हरपणे आणि ब्लॅकआउट या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॅकआउटमध्ये व्यक्ती जागी असते, बोलते, हिशेब करते, वाहनही चालवते. केवळ त्या काळाची नोंद मेंदूत होत नाही. जेलिनेक यांनी इ.स. १९४६ मध्ये अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या ९८ सदस्यांच्या प्रश्नावलींवरून ब्लॅकआउट ही मद्यासक्तीची आगाऊ सूचना असल्याचे मांडले. डोनाल्ड गुडविन व सहकाऱ्यांनी इ.स. १९६९ मध्ये रुग्णालयातील १०० मद्यासक्त व्यक्तींची सविस्तर मुलाखत घेतली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींना हा अनुभव आलेला होता. काहींच्या बाबतीत तासांचा सबंध पट्टाच पुसला गेला होता. इतरांना मधले तुकडे आठवत आणि कोणी आठवण करून दिल्यास आणखी काही परत येत. संपूर्ण व तुटक ब्लॅकआउट हा भेद तेव्हापासून रूढ आहे.

गुडविन यांनी पुढे स्वयंसेवकांना देखरेखीखाली दारू देऊन प्रयोग केला. दाखवलेल्या गोष्टी दोन मिनिटांनी त्यांना सांगता येत होत्या. अर्ध्या तासाने त्यांतील निम्म्या जणांना त्या पाहिल्याचेही आठवत नव्हते. क्षणिक स्मृती शाबूत असल्यामुळेच अशा अवस्थेतील माणूस शेजाऱ्याला बराचसा ठीक वाटतो. रक्तातील मद्याचे प्रमाण वेगाने वाढले की हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील चेतापेशींमध्ये ग्लुटामेटचे कार्य मंदावते आणि क्षणिक स्मृतीचे दीर्घकालीन स्मृतीत रूपांतर होत नाही. त्यामुळे रिकाम्या पोटी घाईघाईने पिणाऱ्याला, तो व्यसनी नसला तरी, ब्लॅकआउट होऊ शकतो.

याच बाबतीत ब्लॅकआउट आणि विघटनजन्य विस्मरण वेगळे ठरतात. विघटनात स्मृती साठवली गेलेली असते, पण तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही; अनुकूल परिस्थितीत ती परत येऊ शकते. संपूर्ण ब्लॅकआउटमध्ये साठवणच झालेली नसते, त्यामुळे संमोहन, विनवणी किंवा दरडावणी यांपैकी कशानेही ती परत येत नाही. 'आठवत नाही' असे सांगणारी व्यक्ती जबाबदारी टाळण्यासाठी खोटे बोलते आहे, असे घरच्यांना वाटते. काही वेळा ते खरेही असते, पण पुष्कळदा आठवायला काही शिल्लकच नसते. विघटनात्मक ओळख विकृतीच्या निकषांत मद्याच्या अमलाखालील ब्लॅकआउट व बेताल वर्तन स्पष्टपणे वगळलेले आहे, ते याच कारणाने.

दोहोंच्या मधे एक तिसरी घटना आहे. पिऊन असताना शिकलेली गोष्ट शुद्धीवर असताना आठवत नाही, पण पुन्हा प्यायल्यावर आठवते. हिला अवस्थाधीन स्मृती म्हणतात. गुडविन यांच्याच गटाने इ.स. १९६९ मध्ये माणसांवरील प्रयोगांत ती दाखवून दिली. दारू पिऊन लपवून ठेवलेले पैसे किंवा बाटली शुद्धीत असताना न सापडणे आणि पुन्हा पिल्यावर नेमकी सापडणे, असे किस्से रुग्ण सांगतात. चार्ली चॅप्लिन यांच्या 'सिटी लाइट्स' या इ.स. १९३१ मधील चित्रपटातील श्रीमंत गृहस्थ प्यायल्यावर भटक्याला गळ्यात गळा घालून मित्र मानतो आणि सकाळी त्याला ओळखत नाही. अवस्थाधीन स्मृतीचे हे उदाहरण अभ्यासकांनीही दिले आहे. येथे स्मृती साठवली गेलेली असल्यामुळे ही घटना विघटनाला जवळची आहे.

दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा कोर्साकॉफ लक्षणसमूह यांपैकी कशातच मोडत नाही. त्यात नव्या घटना लक्षात राहत नाहीत आणि रुग्ण मधल्या रिकाम्या जागा नकळत कल्पित तपशिलांनी भरतो. हा मेंदूला झालेला प्रत्यक्ष अपाय होय.

विघटनाचे मापन व संशोधन

ईव्ह बर्नस्टीन कार्लसन आणि फ्रँक पुटनम यांनी इ.स. १९८६ मध्ये तयार केलेली विघटन-अनुभव श्रेणी हे या क्षेत्रातील सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. तिच्यात २८ अनुभव दिलेले असून प्रत्येक अनुभव किती वेळा येतो हे शून्य ते १०० या टक्केवारीत सांगायचे असते. सरासरी ३० किंवा अधिक आल्यास सविस्तर मुलाखत घेण्याची प्रथा आहे. दारू किंवा अन्य पदार्थांच्या अमलाखाली आलेले अनुभव सोडून उत्तरे द्यावीत, अशी सूचना श्रेणीच्या आरंभीच असते. सकाळी उठल्यापासून पिणाऱ्या माणसाला ही सूचना पाळणे किती शक्य आहे, हा रास्त प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांतील अमलाविनाचा काळ त्याच्या वाट्याला फारसा आलेलाच नसतो. म्हणून निर्विषीकरण पूर्ण होऊन काही आठवडे उलटल्यावर चाचणी घेणे श्रेयस्कर मानले जाते.

तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे जुनेत एव्हरेन, वेदात शार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर सातत्याने काम केले आहे. दारू किंवा अन्य पदार्थांच्या अवलंबनासाठी दाखल झालेल्या २१५ रुग्णांच्या इ.स. २००५ मधील अभ्यासात सविस्तर मुलाखतीअंती १७.२ टक्के रुग्णांना विघटनात्मक विकृती असल्याचे आढळले. केवळ मद्यावलंबी असलेल्या १११ रुग्णांच्या इ.स. २००७ मधील अभ्यासात हे प्रमाण ९ टक्के होते. इ.स. २००८ मध्ये याच गटाने निर्विषीकरण झालेल्या पुरुष रुग्णांना क्लोनिंजर यांची प्रश्नावली आणि विघटन-अनुभव श्रेणी अशा दोन्ही चाचण्या दिल्या. विघटनाचे गुण जास्त असलेल्या रुग्णांची स्वयंदिशा कमी आणि आत्मातीतता जास्त असल्याचे आढळले. स्वतःच्या आयुष्याचा लगाम हातातून सुटल्याची भावना आणि स्वतःच्या सीमा पुसट होण्याकडे कल, या दोहोंचा संयोग विघटनाशी निगडित असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे अभ्यास एकाच वेळी केलेल्या मापनावर आधारलेले असल्याने यातील कोणते कारण व कोणता परिणाम हे त्यांवरून ठरत नाही.

नेदरलँड्‌समधील विलेमीन लांगेलांड व सहकाऱ्यांनी इ.स. २००२ मध्ये मांडलेले निष्कर्ष याच्याशी जुळत नाहीत. उपचारासाठी आलेल्या मद्यावलंबी रुग्णांचे विघटनाचे गुण तेथे फारसे वाढलेले नव्हते. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे बालपणी अत्याचार सोसलेल्या रुग्णांमध्येही ते अपेक्षेइतके वाढलेले नव्हते. एरवी बालपणीचे आघात आणि विघटन यांचा संबंध मानसोपचारातील दृढ संबंधांपैकी एक मानला जातो. बालपणीचे आघात आणि मद्यासक्ती यांचाही संबंध स्पष्ट आहे : विन्सेंट फेलिटी व सहकाऱ्यांनी इ.स. १९९८ मध्ये अमेरिकेतील सुमारे साडेनऊ हजार प्रौढांची माहिती तपासली, तेव्हा बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. मग आघात सोसलेल्या मद्यावलंबी व्यक्तींमध्ये विघटन का दिसू नये?

रासायनिक विघटन

या विसंगतीचे एक उत्तर रासायनिक विघटन या गृहीतकातून दिले जाते. असह्य आठवणींपासून दूर जाण्याची क्षमता सर्वांत सारखी नसते. काहींचे मन ते काम स्वतःच करते. ज्यांना ते साधत नाही ते दारूकडून करून घेतात. या मतानुसार काही रुग्णांमध्ये दारू ही विघटनाची जागा घेते, म्हणून चाचणीत विघटन कमी दिसते. इस्रायली मानसशास्त्रज्ञ एली सोमेर यांनी हेरॉइन सोडणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखतींतून अशाच आशयाची मांडणी केली आहे.

दारू असे काम करू शकते याला प्रायोगिक आधार आहे. जे हल यांनी इ.स. १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मद्यामुळे स्व-जाणीव मंदावते, आणि अपयशाची टोचणी कमी करण्यासाठी लोक पितात. क्लॉड स्टील व रॉबर्ट जोसेफ्स यांनी इ.स. १९९० मध्ये मद्यामुळे लक्षाचा परीघ आकुंचन पावून केवळ समोरची, ठळक गोष्ट तेवढी दिसते असे दाखवले. इ.स. २००९ मधील एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना टॉलस्टॉय यांच्या 'वॉर अँड पीस'मधील भाग वाचायला दिला होता. प्यायलेल्यांचे मन वाचनातून अधिक वेळा भरकटले आणि ते भरकटले आहे हे त्यांच्या स्वतःच्या कमी वेळा लक्षात आले.

हे गृहीतक सर्व रुग्णांना लागू पडत नाही. इस्तंबूल येथील निष्कर्षांत तीव्र विघटन असलेला रुग्णगट स्पष्टपणे दिसतोच. विघटन आणि दारू एकमेकांची जागा घेणारे आणि दोन्ही एकाच वेळी बाळगणारे, असे निदान दोन गट असावेत, ही समजूत आज अधिक स्वीकारार्ह वाटते. आपल्या भावना ओळखता न येणे व त्यांना शब्द न सापडणे, म्हणजे अॅलेक्सिथायमिया, हे लक्षणही मद्यावलंबी व्यक्तींमध्ये वारंवार आढळते. रुग्ण 'बेचैन वाटते' एवढेच सांगतो. राग, भीती किंवा शोक असा भेद त्याला करता येत नाही.

उपचारांवरील परिणाम

स्वभाव ओळखून त्याला साजेसा उपचार निवडावा, ही कल्पना आकर्षक आहे. ती तपासण्यासाठी अमेरिकेत प्रोजेक्ट मॅच हा मोठा प्रयोग झाला. त्यात १,७२६ रुग्णांना तीनपैकी एक मानसोपचार देण्यात आला. इ.स. १९९७ पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही उपचारांनी रुग्णांचे पिणे बरेच कमी झाले. परंतु रुग्णाच्या गुणविशेषांनुसार उपचार जुळवल्याचा लाभ बहुतांश बाबतीत दिसला नाही. रागीट रुग्णांना वाद न घालता प्रेरणा जागवणारी पद्धत अधिक मानवली, हा मोजक्या अपवादांपैकी एक होय. प्रतिबंधाच्या क्षेत्रात मात्र स्वभावाचा उपयोग अधिक झाला. पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी निराशावृत्ती, चिंता-संवेदनशीलता, आवेगशीलता आणि उत्तेजनाशोध या चार गुणांवर आधारित शालेय कार्यक्रम विकसित केला. त्यात मुलांना दारूविषयी उपदेश करण्याऐवजी स्वतःचा स्वभाव हाताळायला शिकवले जाते.

विघटन असलेल्या रुग्णाबाबत मोठी अडचण दारू सुटल्यानंतर येते. जे दडपले होते ते वर येऊ लागते. आठवणी, दुःस्वप्ने व परकेपणाचे झटके पहिल्या काही आठवड्यांत वाढू शकतात आणि त्या काळात रुग्ण पुन्हा पिण्याकडे वळण्याची शक्यता असते. उपचार सोडून जाणाऱ्या अशा रुग्णाला 'इच्छाशक्ती नाही' असे लेबल लावले जाते. आघात व व्यसन यांवर एकत्र उपचार करणारी लिसा नाजावित्स यांची 'सीकिंग सेफ्टी' ही पद्धत म्हणूनच प्रथम सुरक्षितता साधण्यावर भर देते. जुन्या घटना उकरण्याआधी वर्तमानात पाय रोवणे, भोवतालच्या वस्तूंची नावे घेणे, श्वासाकडे व स्पर्शाकडे लक्ष देणे अशी साधी कौशल्ये तिच्यात शिकवली जातात.

वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते. झटके किंवा कंपयुक्त उन्माद उद्भवून जीवावर बेतू शकते. कंपयुक्त उन्मादातील भास व भ्रम हे विघटन नसून तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. नातलगांनी 'अंगात आले' असे समजून रुग्णालयात नेण्यास उशीर करणे घातक ठरते.

भारत व महाराष्ट्र

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने इ.स. २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय दारू पितात आणि सुमारे २.९ कोटी व्यक्ती दारूवर अवलंबून आहेत. पुरुषांमध्ये पिणाऱ्यांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांमध्ये १.६ टक्के आहे. पाश्चात्त्य अभ्यासांचे निष्कर्ष येथे लावताना ही तफावत ध्यानात घ्यावी लागते. जेथे स्त्रीने पिणे निषिद्ध समजले जाते, तेथे पिणाऱ्या स्त्रियांचा गट स्वभावाने व पूर्वायुष्याने वेगळा असण्याची शक्यता जास्त असते. इ.स. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार मात्र नशेचा बचाव मुख्यतः इच्छेविरुद्ध किंवा नकळत नशा दिली गेली असेल तरच मिळतो. त्यामुळे स्वतःहून पिऊन केलेले कृत्य आठवत नाही, एवढ्याने कोणी दोषमुक्त होत नाही.

महाराष्ट्रात विघटनाचा सर्वपरिचित आविष्कार म्हणजे अंगात येणे. देवीच्या उत्सवात किंवा आरतीच्या वेळी ठरावीक काळापुरते येणारे, समाजाने मान्य केलेले आणि व्यक्तीला त्रास न देणारे असे अनुभव रोगवर्गीकरणात विकृती मानले जात नाहीत. आत्मातीततेबाबतचे तुर्की निष्कर्ष येथे लागू करताना ही सावधगिरी आवश्यक आहे, कारण नामस्मरणात देहभान हरपणे हे वारकरी परंपरेत साधनेचे फळ समजले जाते, आजाराचे लक्षण नव्हे.

मराठी वाचकाच्या मनातील मद्यप्याची प्रतिमा राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने घडवली. इ.स. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील आहे. वकिलीची सनद तात्पुरती रद्द झाल्याच्या अपमानात तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. मुळातला दुबळा किंवा दुर्वर्तनी माणूस म्हणून गडकऱ्यांनी त्याला रंगवलेले नाही. तरीही नाटकाचे नाव पहिल्या प्याल्यावर बोट ठेवते आणि पुढील अनेक पिढ्यांनी मद्यपानाची चर्चा मोहाला बळी पडणे याच भाषेत केली.

पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने इ.स. १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार असून व्यसनी माणूस वाईट नसतो, ही भूमिका या केंद्राने महाराष्ट्रात रुजवली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत मात्र स्वतःचे स्वभावदोष शोधून ते मान्य करण्यावर भर आहे. या दोन भूमिका वरकरणी परस्परविरोधी भासतात, पण अनेक मराठी रुग्णांनी एकाच वेळी दोन्हींचा आधार घेतलेला आहे. केंद्रात राहून आल्यावर ते गावातल्या सभेला जातात आणि आपला सोबर दिवसांचा आकडा सांगून बोलायला सुरुवात करतात.